मदत हवी आहे – मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, शाळेत कसं सांभाळायचं?

नमस्कार मंडळी, माझा मुलगा यंदा पहिलीत गेलाय आणि त्याला शेंगदाण्याची चांगलीच अ‍ॅलर्जी आहे, म्हणजे नुसतं अंगावर पित्त उठत नाही तर ओठ सुजतात, खोकला लागतो, श्वास अडकतो. आता आपल्याकडे दाण्याचं कूट कशात नसतं सांगा, साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, परत चिक्की आणि संक्रांतीचे तिळाचे लाडू. डबा मी घरचाच देते पण मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांच्या डब्यातलं खातातच, आणि वाढदिवसाला वाटलेल्या चॉकलेटच्या पाकिटावरचं बारीक अक्षर एवढंसं पोर काय वाचणार?

डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनॅलिन (जोराची अ‍ॅलर्जी उठली की लगेच द्यायचं इंजेक्शन) लिहून दिलंय, पण परदेशात मिळतं तसं औषध भरलेलं तयार इंजेक्शनचं पेन आमच्या इथे केमिस्टकडे नाही, अ‍ॅम्प्यूल (औषधाची छोटी काचेची कुपी) आणि सिरिंजच आहे, मांडीत बाहेरच्या बाजूला द्यायचं. शाळा म्हणते आम्ही इंजेक्शन देणार नाही, अ‍ॅलर्जीची गोळी ठेवा. पण श्वास अडकला तर नुसत्या गोळीने भागत नाही हो, तिथे अ‍ॅड्रेनॅलिनच लागतं आणि तेही लगेच!

कोणी शाळेला यासाठी तयार केलंय का? डॉक्टरांचं पत्र आणि लेखी संमती दिली तर ऐकतात का? बाईंना ट्रेनिंग कोणी दिलं? वर्गातल्या बाकीच्या पालकांशी कसं बोललात? आणि गॅदरिंग, सहल असली की काय करता तेही सांगा प्लीज, सहल जवळ आलीये आणि त्याला घरी ठेवायचं माझ्या जिवावर येतंय.