मदत हवी आहे: चाचण्या फेल होऊनही बिल्ड हिरवीच दिसते

उबुंटूवर बॅशची बिल्ड स्क्रिप्ट आहे. सुरुवातीलाच 'सेट -ई' (कमांड फेल झाली की स्क्रिप्ट थांबवणारी सूचना) आहे. मेक (बिल्ड आणि चाचण्या चालवणारं साधन) बोलावणारी मुख्य ओळ अशी:

मेक टेस्ट २>&१ | टी बिल्ड.लॉग

लॉगमध्ये मेकचं 'एरर' स्पष्ट दिसतं, तरी स्क्रिप्ट पुढे जाऊन पॅकेज बनवते आणि शेवटी एक्झिट कोड ०, म्हणजे 'यशस्वी', देते. आउटपुट पडद्यावर आणि फाइलमध्ये, दोन्हीकडे हवं आहे, त्यामुळे 'टी' काढता येत नाही. काय करावं?

प्रतिसाद १
'सेट -ई'पर्यंत अपयश पोचतच नाहीये. पाइपलाइनचा ('|'ने जोडलेल्या कमांडच्या साखळीचा) कोड म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा कोड. मेकने २ दिला, पण टीने फाइल नीट लिहून ० दिला आणि बॅशने तोच धरला. 'सेट -ई'खाली 'सेट -ओ पाइपफेल' घाला, म्हणजे साखळीतली कुठलीही कमांड पडली की सगळी साखळी फेल धरली जाईल.

बिल्ड सर्व्हर ही स्क्रिप्ट कशी चालवतो तेही बघा. 'एसएच बिल्ड.एसएच' अशी हाक असेल तर पहिल्या ओळीत बॅश लिहून उपयोग नाही. उबुंटूवर एसएच म्हणजे डॅश नावाचा वेगळा शेल, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांना पाइपफेल कळत नाही.

धागाकर्ता
धन्यवाद, चाचणी फेल झाली की आता थांबते. पण चाचण्या पास झाल्या तरी कधीकधी पुढच्या ओळीवर, काहीही न छापता, स्क्रिप्ट बंद पडते:

इशारे=$(ग्रेप वॉर्निंग बिल्ड.लॉग | डब्ल्यूसी -एल)

प्रतिसाद २
लॉगमध्ये एकही वॉर्निंग नसली की असं होणारच. मजकूर शोधणाऱ्या ग्रेपचा १ म्हणजे 'सापडलं नाही', बिघाड नव्हे. खरी चूक, उदाहरणार्थ फाइलच नाही, तेव्हा तो २ देतो. फाइलींची तुलना करणाऱ्या डिफचंही तसंच: फरक असला की १, अडचण आली की २. आधी, पाइपफेल नसताना, ओळी मोजणाऱ्या डब्ल्यूसीचा ० हे झाकत होता.

इथे '|| ट्रू' (फेल झालं तरी यशस्वी धरा) चिकटवू नका, नाहीतर लॉग गायब असला तरी कळणार नाही. त्याऐवजी:

कोड=०
ग्रेप वॉर्निंग बिल्ड.लॉग > इशारे.लॉग || कोड=$?

मग कोड १ पेक्षा मोठा असेल तरच 'एक्झिट' करा आणि ओळी इशारे.लॉगमधून मोजा.

'||'च्या डावीकडे काही पडलं तर 'सेट -ई' थांबवत नाही, म्हणून हे चालतं. पण याच नियमात सगळ्यात मोठा धोका आहे. 'बिल्ड_करा || एक्झिट १' असं फंक्शन बोलावलंत तर त्या अख्ख्या फंक्शनच्या आत 'सेट -ई' निष्प्रभ होतं: पहिली कमांड पडली तरी पुढच्या चालतात आणि शेवटची पास झाली की फंक्शन ० देतं. 'इफ'मध्ये बोलावलं तरी तेच. अशा फंक्शनमध्ये महत्त्वाच्या प्रत्येक कमांडपुढे '|| रिटर्न १' लिहा.

फंक्शनपुरतं व्हेरिएबल बनवताना 'लोकल नाव=$(कमांड)' हेही टाळा. तिथे लोकलचा स्वतःचा ० मिळतो आणि कमांडचा कोड हरवतो. आधी 'लोकल नाव', मग पुढच्या ओळीत किंमत.

प्रतिसाद ३
मेकफाइलही (मेकच्या सूचनांची फाइल) तपासा. रेसिपीच्या (टार्गेट बनवणाऱ्या कमांडच्या) एकाच ओळीत ';'ने जोडलेल्या कमांड असतील तर मेकला फक्त शेवटच्या कमांडचा कोड मिळतो; तिथे '&&' हवं. उपडिरेक्टऱ्यांवर 'फॉर' लूप असेल तर आतल्या मेकनंतर '|| एक्झिट १' लागतं, नाहीतर शेवटची डिरेक्टरी पास झाली की सगळं पास.

शिवाय '.डिलीट_ऑन_एरर:' हे टार्गेट टाका. त्याशिवाय कमांड मध्येच पडली की अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहते आणि पुढच्या वेळी मेक ती ताजी समजून सोडून देतो.

आणि लॉगमध्ये १३७ दिसला तर चाचणीत चूक शोधत बसू नका. १२८ + ९, म्हणजे प्रोसेस सिग्नल ९ने मारली गेली. बहुतेक वेळा मेमरी संपलेली असते. 'मेक -जे'चा (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा) आकडा कमी करून बघा.