कादंबरीसाठी मदत हवी: सोलापूरचं सेटलमेंट आणि भोवतालचा माळ

कुसळ_माळ:
मूळ कल कवितेचा, आता पहिली कादंबरी. काळ १९२८ ते १९३१. सेटलमेंटमध्ये, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ठेवायच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, डांबलेलं एक कैकाडी कुटुंब, त्यातला मुलगा गिरणीत. माळरान, पक्षी, ऋतू भरपूर आहेत, पण वाचणारे म्हणतात की निसर्गाची पानं वेगळी पडतात आणि छळाची वेगळी. दोन्ही एकजीव कसं करावं? तपशिलात कुठे घसरायला होतं?

जुनी_चाळ:
सांधा कायद्यातच आहे, बाहेर शोधू नका. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, पण मुंबई इलाख्यात त्याचा खरा वापर १९११ च्या कायद्यानंतर. १९२४ मध्ये नवा एकत्रित कायदा आला, म्हणजे तुमच्या पात्रांवर तोच लागू. रजिस्टरात नाव, अंगठ्याचे ठसे, हजेरी, बाहेर जायला पास. आता कैकाड्याचं काम बघा: कणग्या, टोपल्या, डाले. त्याला निरगुडीचे फोक लागतात, तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, लागतात. तूर निघते पौष-माघात, फोक ओढ्याकाठी. पास नाही तर फोक नाहीत, फोक नाहीत तर धंदा बुडाला, मग गिरणी. एवढं कथानकात बसलं की ओढ्याचं वर्णन सुटं पडणारच नाही.

प्रत्येक प्रसंगाआधी वहीत तीन गोष्टी मांडा: पात्र कुठवर जाऊ शकतं, कुणाच्या सहीने, आणि पुढची हजेरी कधी. ‘तो पहाटे माळावर भटकत होता’ हे वाक्य मग आपोआप गळेल, किंवा तोच गुन्हा ठरेल.

माळढोक_प्रेमी:
निसर्गाच्या चुका सांगतो, कारण बहुतेक ऐतिहासिक कादंबऱ्या इथेच उघड्या पडतात. गाजर गवत नको, ते १९५० च्या दशकात आलं. सुबाभळीची लागवड त्याहून नंतरची. उजनीचं पाणी आणि मैलोगणती ऊसही काढा, धरण १९८० चं. त्या काळी भीमेपासून दूर गेलं की रब्बी ज्वारी, करडई, हरभरा. पेरणी हस्ताच्या पावसावर, हुरडा डिसेंबर-जानेवारीत, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. हुरडा आणि सोलापूरची गड्ड्याची जत्रा (सिद्धेश्वराची, संक्रांतीची) एकाच सुमारास येतात, तो योग वापरा.

माळढोक घ्या, पण ‘नान्नज अभयारण्य’ लिहू नका, ते १९७९ चं. नर गळ्याची पिशवी फुगवून नाचतो तो पावसाळ्यात. मादी सहसा एकच अंडं घालते, उघड्या जमिनीवर. उन्हाळ्यातला नाच कवितेतही खपणार नाही.

कुसळ_माळ:
फासेपारधी, म्हणजे फासे लावून शिकार करणाऱ्या जमातीतलं, पात्र शेजारी आणलं तर? संवाद कोणत्या भाषेत?

जुनी_चाळ:
आणा. तितर-लाव्यांचं ज्ञान त्याच्याच तोंडून येऊ द्या, निवेदक कवीकडून नको. मात्र पारध्यांची बोली गुजरातीच्या जवळची आणि कैकाड्यांची तमिळ वळणाची, म्हणून दोघं आपसात मोडकी मराठीच बोलतील. गिरणीत तेलुगू, कन्नडही कानावर पडेल. बोलीतली वाक्यं त्या-त्या समाजातल्या माणसाकडून तपासून घ्या. छापलेल्या यादीतून उचलाल तर फसाल.

१८८४ चं सोलापूर गॅझेटियर (इंग्रज सरकारचा जिल्हा-माहितीग्रंथ) पिकं, बाजार, रस्ते यांसाठी उत्तम. माणसांबद्दलचे शेरे मात्र साहेबाचे आहेत. ते निवेदकाच्या तोंडी गेले की कादंबरीच पोलिसाची होते, आणि हे नकळत होतं. ती भाषा हवीच असेल तर रजिस्टरातल्या नोंदीत अडकवा.

आणि मे १९३० चा मार्शल लॉ विसरू नका. अख्खं शहर लष्कराच्या ताब्यात गेलं. गावाला जे काही आठवडे सोसावं लागलं, ते तारेआडच्यांना बारमाही होतं. हे वाक्य लिहू नका, फक्त शहरातले निर्बंध आणि सेटलमेंटमधली हजेरी लागोपाठच्या प्रकरणांत ठेवा.

माळढोक_प्रेमी:
शेवट कायदा रद्द होण्यावर नेणार असाल (३१ ऑगस्ट १९५२), तर मधे वीस वर्षांची उडी आहे. मुलगा तेव्हा चाळिशीकडे झुकलेला असेल, वय आत्ताच जुळवून ठेवा.