खलाशाला प्रोबेशन: खरी देखरेख की नुसता कागद?

हर्णैकर
बंदरातून डिझेल नाहीतर जाळी उचलताना सापडलेल्या, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्या विशीतल्या पोराला जेलात घालू नये. १९५८ चा अपराधी परिवीक्षा (म्हणजेच प्रोबेशन : कैदेऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सुटका) कायदा, कलम ६ : गुन्ह्याला जन्मठेप नसेल आणि वय २१ च्या खाली असेल, तर कैद देण्याआधी न्यायाधीशाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, तरीही कैदच द्यायची असेल तर कारणं लेखी नोंदवायची. जेल बघून आलेल्याला कुठला तांडेल (होडीचा प्रमुख) होडीवर घेईल?

कुडाळची सही
तत्त्व चांगलं, अंमल शून्य. कलम ४ मध्ये दोन वेगळे आदेश आहेत. चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, म्हणजे लेखी हमी, जास्तीत जास्त ३ वर्षांचं. आणि देखरेखीचा आदेश, किमान १ वर्षाचा. दुसरा काढलाच नाही, तर पोरगा सही करून मोकळा. त्याच्या घरी कोणी फिरकत नाही. काढला तरी देखरेख करणारा परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास खात्याचा, बालकांच्या केसेसही त्याच्याच गळ्यात. अट मोडली तर पहिल्या खेपेला दंड किती? ५० रुपयांपर्यंत! बांगड्याचा वाटा तरी येतो का तेवढ्यात?

हर्णैकर
दंडाचं ते कलम ९ अर्धंच वाचलंत. त्याच कलमाखाली मूळ गुन्ह्याची शिक्षाही देता येते. आणि अधिकाऱ्याच्याच अहवालावर अडत नाही, कोर्टाला दुसरीकडून कळलं तरी वॉरंट निघतं.

देवगड बंदर
दोघेही अटींबद्दल बोलत नाही. ‘दर १ तारखेला हजेरी’ असं छापील लिहिलं की ट्रॉलरवरचा माणूस चुकणारच. एकेक फेरी कित्येक दिवसांची. धंदा अहवालातच मांडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा आठवड्याला बोलवा. ऑगस्टपासून होडी बंदराला लागेल त्यानंतर दोन दिवसांत हजेरी. मुंबईला कामाला जाणार असेल तर न सांगता जाऊ नये, अधिकाऱ्यामार्फत कलम ८ खाली अट बदलून घ्यावी. सुटकेच्या वेळी त्याचा किंवा जामीनदाराचा ठिकाणा नाहीतर धंदा त्या कोर्टाच्या हद्दीत किंवा बंधपत्राच्या मुदतीत तो जिथे राहणार तिथे लागतो, हे चाकरमानी घरांत कोणाच्या लक्षातच नसतं.

गुहागरवाला
सगळी माया चोरावर. जाळं गेलं त्याचं काय?

देवगड बंदर
कलम ५. सुटकेच्या आदेशाबरोबरच कोर्ट नुकसानभरपाई आणि खर्च द्यायला लावू शकतं, न दिल्यास दंडासारखी वसुली. मात्र जाळ्याची, दोराची बिलं सरकारी वकिलाकडे आदेशाआधी पोचली पाहिजेत.

गुहागरवाला
बिलं ठेवतो कोण बंदरावर! बरं, चोरीपुरतं मानलं. पण मुंबई-गोवा हायवेवर बेदरकार गाडी हाकून माणूस मारणाऱ्याला हे नको. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दलबीर सिंग प्रकरणात तेच म्हटलंय.

हर्णैकर
त्याला माझाही विरोध नाही.