मदत हवी आहे: मालवण-तारकर्ली-देवबाग, आईबाबांसह चार दिवस, कुठे राहावं आणि कुठे जेवावं?

मीठभाकर
फेब्रुवारीत चार दिवस मालवण बाजूला जायचं ठरतंय. माणसं सात: आई (६९, गुडघे कुरकुरतात), बाबा (७४, पूर्ण शाकाहारी, माशाच्या तव्यावर काढलेलं घावन वासावरून ओळखतात), मी, नवरा, दीर, जाऊ आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा. ठाण्याहून कोकणकन्याने कुडाळ, पुढे गाडी ठरवू.

एकदा नाताळच्या सुट्टीत गेलो होतो, तेव्हा पुरता पोपट झाला. 'बीच टच' म्हणून घेतलेली खोली रस्त्याच्या पलीकडे निघाली. दुपारी थाळीसाठी वहीत नाव लिहून पावणेदोन तास उभे राहिलो आणि नंबर लागला तेव्हा सुरमई संपलेली. लेकाचं जेवण तोवर वेफर्सवर झालं होतं. त्यामुळे यंदा स्कूबा, जेटस्की काही नको. चांगलं खायचं, समुद्राकडे बघत बसायचं, दुपारी झोपायचं.

तर मालवण गावात राहावं, तारकर्लीत की देवबागला? मासे कुठे खावेत, आणि त्याच टेबलावर बाबांना बटाट्याच्या भाजीपलीकडे काही मिळेल का? नवरा आणि दीर यांना संध्याकाळी एखादी बिअर लागते, आईबाबांसमोर नको. सिंधुदुर्ग किल्ला दोघांना झेपेल का?

खाडीपल्याड
ताई, चुकलं ते 'जेवायला कुठे जावं' इथेच. आमच्याकडे चांगलं जेवण बहुतेक वेळा राहत्या घरातच असतं, फक्त सकाळी सांगावं लागतं. घरगुती निवास बघा, जिथे मालकीण स्वतः रांधते. नाश्त्याच्या वेळी तिला विचारायचं, आज काय गावलंय? ती सांगेल ते खायचं. तुम्ही आधीच 'आम्हाला पापलेटच हवं' म्हणालात की ती बर्फातलं आणणार, तिचा नाइलाज असतो. बांगडे, पेडवे, सौंदाळे, मुडदुशे यांना शहरात मान नाही, पण जाळ्यातून थेट तव्यावर आलेला बांगडा खाल्लात तर सुरमईची आठवण निघणार नाही.

मालवण बाजाराचं गाव आहे, जेटी, खानावळी, डॉक्टर, औषधांची दुकानं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. तारकर्ली तिथून सहा-सात किलोमीटर, देवबाग त्याच्याही पुढे. देवबाग म्हणजे जमिनीची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. समुद्राने किनारा खाल्ल्यामुळे काही ठिकाणी दगडी बंधारा घातलाय, तिथे तुमच्या आईंना वाळूत उतरता येणार नाही. म्हणून खोली घेताना 'समोर समुद्र आहे का' एवढंच विचारू नका. 'समोर वाळू आहे की दगड' हे विचारा आणि फोटो मागवा, आजचा.

माझं मत विचाराल तर तुमच्या आईबाबांसाठी नदीची बाजू. पाणी शांत, माडांची सावली, होड्यांची ये-जा दिसत राहते, दुपारी झोप लागते. समुद्र चालत पाच-दहा मिनिटांवर असतोच.

तिरफळ
वरचं सगळं मान्य, पण एक संध्याकाळ मालवणात काढाच. होड्या परतल्या की जेटीजवळ माशांचा लिलाव होतो. बोली इतकी झरझर चालते की आपल्याला फक्त आकडे ऐकू येतात. टोपल्यांच्या मध्ये उभे राहू नका, कोणी तुमच्यासाठी थांबणार नाही. आणि 'ताजे आहेत का' विचारू नका, सगळे 'होय'च म्हणतले! डोळा चकचकीत आणि कल्ला लाल आहे का ते बघायचं.

खानावळींत चैतन्य आणि अतिथी बांबू ही नावं सगळेच सांगतात, मीही सांगते. पण दुपारी एक ते अडीच तिकडे फिरकू नका. बारालाच जा. थाळीत मोरीचं मटण मिळालं तर घ्या, ते मटण नाही, शार्क आहे, नंतर भांडण नको. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं मिळालं तर मीठ कमी-जास्त न बघता संपवा. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं असतात, ती बाजूला काढायची, लेकाला आधीच सांगा. चावलं तर जिभेला मुंग्या येतात.

काळा_वाटाणा
बाबांची काळजी करू नका. मालवणी जेवण म्हणजे मासेच हा मुंबईकरांचा गैरसमज. काळ्या वाटाण्याचं सांबार आणि वडे, कुळथाची पिठी आणि भात, घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, नारळाच्या रसातले शिरवाळे. फेब्रुवारीत ओले काजूगर यायला लागतात, त्यांची उसळ एकदा तरी करायला सांगा. सोलायला वेळ लागतो आणि चिकाने बोटं भाजतात, म्हणून ती स्वस्त नसते. घासाघीस करू नका.

वेगळ्या तव्याबद्दल मात्र बुकिंग करतानाच स्पष्ट बोला. आमच्याकडे सोमवारी बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत, त्यामुळे वेगळी भांडी असतात. लाजायचं कारण नाही. जमलं तर तुमचा एक दिवस सोमवार येऊ द्या, बाबा त्या दिवशी राजे.

आबा_घोडबंदर
तारखा पक्क्या केल्यात का? आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण त्याच सुमारास येते. तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन तारीख निघते. आंगणेवाडी मसुऱ्यात, आणि मसुरे मालवण तालुक्यातच आहे. त्या दोन दिवसांत गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि मालवणात खोली मिळत नाही. तारीख जाहीर झाली की मगच तिकीट काढा, किंवा जत्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

मीठभाकर
बापरे, हे डोक्यातच नव्हतं. तारखा पुढे-मागे करता येतील. काळा_वाटाणा, बाबांना वाचून दाखवलं, सोमवारचं ऐकून खूश झालेत. किल्ला आणि बिअर राहिलं.

खाडीपल्याड
किल्ल्याला मालवण जेटीवरून होडीने जावं लागतं. चढता-उतरताना होडी हलते, गुडघ्यांना खरा त्रास तिथेच. आत चालणं बरंच आहे, ऊनही. सकाळी पहिल्या फेऱ्यांना जा. शिवरायांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला किल्ला, आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि चहूकडे खारं पाणी असून दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींचं पाणी गोडं. मुलाला हे बघून मजा येईल. होडी परत फिरायला साधारण तासाभराचाच वेळ देतात. आईंना नको वाटलं तर त्यांना मालवणच्या रॉक गार्डनमध्ये बसवा, खडकांवर फुटणाऱ्या लाटा बघत तासभर सहज जातो.

कॅप्टन_हॅडॉक_नव्हे
बिअरचं मी सांगतो, हा माझा विषय. घरगुती निवासात बहुतेक ठिकाणी चालत नाही. तुळशीवृंदावनासमोर बाटली उघडू नका, मालकीण काही बोलणार नाही पण दुसऱ्या दिवशी कढी पातळ येईल. मालवण बाजारात बार आहेत, दोघांनी तासभर जाऊन यावं, आईबाबांना 'लिलाव बघायला गेलेत' सांगायचं. गोव्याहून स्वस्तात आणायचा मोह आवरा. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासतात.

तिरफळ
'प्यायला' म्हटल्यावर सोलकढीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणजे कमाल. गुलाबी गार पाणी देतात ती सोलकढी नव्हे. नारळाचा पहिला रस, कोकमाचं आगळ (घट्ट रस), लसूण, मिरची, एवढंच.

काळा_वाटाणा
लसूण?? आमच्या घरी सोलकढीत लसूण घातली तर आजी ताट बाजूला सारायची.

तिरफळ
आजींचा मान ठेवून सांगते, माशावर लसणीचीच.

खाडीपल्याड
धागा कढीत बुडायच्या आत मुद्द्याचं. रापण बघा. सकाळी लवकर चिवला किनाऱ्यावर किंवा तारकर्ली-देवबागला माणसं दोन्ही बाजूंनी दोर ओढत जाळं किनाऱ्याला आणतात. मुलाला दोराला हात लावू द्या, कोणी नको म्हणत नाही. फोटोच काढत बसलात तर मात्र कोणी विचारणार नाही.

त्सुनामी बेटावर होडीवाले नेतातच. तो ओहोटीला वर येणारा वाळूचा पट्टा. भरतीला गेलात तर गुडघाभर पाण्यात उभं राहून भजी खाल. भरती-ओहोटीची वेळ मालकाला विचारून निघा. नुसतं पडायचं असेल तर पलीकडे भोगवे, वेंगुर्ला तालुक्यात, किनारा मोठा आणि शांत. खाण्याची सोय बेताची, म्हणून डबा बांधून न्या. आणि एक दुपार धामापूरच्या तळ्यावर. काठावर भगवतीचं देऊळ, झाडी, पायऱ्या. आईबाबांना समुद्रापेक्षा हेच जास्त आवडेल असं आपलं मला वाटतं.

मीठभाकर
सगळ्यांचे मनापासून आभार. सध्या ठरलं ते असं: तीन रात्री देवबागला नदीच्या बाजूला. एका काकूंशी फोनवर बोलले. मी माशांचं विचारायच्या आधीच त्यांनी 'वडील काय खातात' विचारलं, तिथेच नक्की केलं. वेगळा तवा आहे म्हणाल्या. जत्रेची तारीख बघूनच तिकिटं काढते. नवरा आणि दीर यांनी लिलावाला 'रोज' जायचं ठरवलंय.

येताना आगळ आणि मालवणी मसाला आणायचाय. बाजारातूनच घ्यावा ना?

काळा_वाटाणा
मसाला काकूंकडूनच मागा, घरचा असेल तर. खाजा बाजारातून, आल्याचा.

आबा_घोडबंदर
आगळाची बाटली कपड्यांच्या बॅगेत ठेवू नका. माझा लग्नातला पांढरा झब्बा अजून जांभळा आहे.