'प्रेमाने समजावा' म्हणणाऱ्यांसाठी

कंबरतुटकी: न्यूजर्सीकरांची कालची पोस्ट: "विस्मरणाच्या आजारात गोळ्या देणारी मंडळी आळशी. प्रेमाने समजावलं की माणूस शांत होतो." कोणाला समजावलंत हो? दिवेलागणीला सासूबाई गाठोडं बांधतात, "मला घरी सोडा, आई वाट बघतेय." आई कधीच गेली म्हटलं, की नव्याने रडारड. समजावणं हाच घोटाळा. मी "आधी चहा घेऊ" म्हणते, दिवे लवकर लावते, आरशावर चादर टाकते (आत त्यांना 'ती बाई' दिसते), पुढ्यात सोलायला मटारच्या शेंगा. गोळी नाही, पण हे रोज करायचं.

निवृत्त_डॉक्टर: ताई, योग्य करताय. वागणं अचानक बिघडलं तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दातदुखी बघा. त्यांना सांगता येत नाही, म्हणून चिडतात. २००५ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने अशा वृद्धांना दिल्या जाणाऱ्या नव्या अँटीसायकोटिक (भास, आक्रमकता आवरणाऱ्या) गोळ्यांवर मृत्यूच्या वाढीव धोक्याचा इशारा छापायला लावला, २००८ मध्ये जुन्या गोळ्यांवरही.

न्यूजर्सीकर: हेच म्हणतोय! माझ्या आईला एकही गोळी नाही. जुनी गाणी आणि घरचं वातावरण, बस.

डोंबिवली_फास्ट: आणि तिचं डायपर कोण बदलतं?

न्यूजर्सीकर: वहिनी बघते. विषय तो नाही.

डोंबिवली_फास्ट: विषय तोच आहे साहेब! तुम्ही रविवारी व्हिडिओ कॉलवर गाणी लावणार, रात्री दोनला दार ठोठावणाऱ्या सासूला वहिनी आवरणार.

कंबरतुटकी: अगदी! आमचे दीरही असेच. वर "आई वाळलेली दिसते."

न्यूजर्सीकर: पैसे मी पाठवतो. दरमहा. वैयक्तिक होऊ नका.

डोंबिवली_फास्ट: पैसे अंघोळ घालत नाहीत. ब्युरोची बाई पाठवा, तीही चार दिवसांत पळेल.

सातारी_कंदी: भांडा खुशाल. आमच्या अण्णांनी आईच्या डोक्यात काठी घातली, टाके पडले. संसर्ग तपासला, दिवे लावले, भजनं लावली. शेवटी डॉक्टरांनी क्वेटियापिन, म्हणजे त्यातलीच एक गोळी, अगदी कमी मात्रेत दिली, तेव्हा आई झोपली. आम्हीही आळशीच का?

निवृत्त_डॉक्टर: नाही. मारहाण होत असेल तर द्यावंच लागतं. फक्त काही आठवड्यांनी कमी करता येतंय का, ते विचारत राहा.

न्यूजर्सीकर: ठीक, 'आळशी' शब्द मागे. खूश?

कंबरतुटकी: खूप. दिवाळीत या, महिनाभर. वहिनीला माहेरी पाठवा. आरशाची चादर मी देते.