मदत हवी आहे: सापडलेल्या पिस्तुलाचा माग पोलिसांनी काढला का, हे कसं विचारायचं? (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

आम्ही मिडलसेक्स काउंटीत राहतो. गावातल्या शाळेच्या मागे मैदान आहे आणि मैदानाच्या कडेने दाट झुडपं. रविवारी याच इमारतीत मंडळाची मराठी शाळा भरते, मधल्या सुट्टीत पोरं त्या झुडपांत चेंडू शोधत असतात. गेल्या फॉलमध्ये पानं गोळा करणाऱ्या कामगाराला तिथे पिस्तूल दिसलं. त्याने हात न लावता ९११ला फोन केला, पोलीस येऊन ते घेऊन गेले. पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नाही. टाउन कौन्सिलच्या सभेत मी विचारलं, तर "तपासाबद्दल बोलता येत नाही" एवढंच उत्तर मिळालं. पोलीस ठाण्याच्या खिडकीवरही तेच.

मला कुणाचं नाव नको आहे. कायद्याने जे करायलाच हवं ते केलं का, इतकंच हवं आहे.

मी वाचलं ते असं. अमेरिकेत बंदुकांची देशव्यापी नोंदवही नाही, १९८६ च्या केंद्रीय कायद्याने ती करायलाच मनाई आहे. म्हणून माग काढायचा तो सीरियल नंबरवरून. पोलीस नंबर, मेक आणि मॉडेल ई-ट्रेसवर, म्हणजे एटीएफ या बंदुकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याच्या ऑनलाइन यंत्रणेवर, टाकतात. वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एटीएफचं ट्रेसिंग सेंटर आहे, तिथली माणसं आधी कारखान्याला विचारतात, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. दुकानदाराने २४ तासांत उत्तर द्यावंच लागतं. तो फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक विकत घेताना गिऱ्हाइकाने भरलेला अर्ज, काढून पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव सांगतो. दुकान बंद पडलं असेल तर त्याची कागदपत्रं मार्टिन्सबर्गलाच गेलेली असतात, पण ती नावाने शोधता येतील अशी ठेवायला परवानगी नाही. मग पानामागून पान डोळ्यांनी चाळायचं! पहिल्या गिऱ्हाइकाच्या पुढे पिस्तूल कुणाकडे गेलं, हे बहुतेक वेळा पोलिसांना स्वतःच हुडकावं लागतं.

हा झाला केंद्राचा भाग. पण स्थानिक पोलिसांनी माग काढलाच पाहिजे, अशी सक्ती केंद्राचा कायदा करत नाही. ती राज्यांनी करायची, आणि बऱ्याच राज्यांनी केलेलीच नाही. न्यू जर्सीने २०१३ मध्ये केली. गुन्ह्यात वापरलेली, बेकायदा बाळगलेली आणि कुणी टाकून दिलेली बंदूकसुद्धा त्यात येते. ती चोरीची आहे का ते एनसीआयसी या एफबीआयच्या गुन्हे-नोंदींत तपासायचं, माग काढायला ई-ट्रेसवर द्यायची, गोळी झाडून काडतुसाच्या खुणा निबिन या अशाच खुणांच्या केंद्रीय संग्रहाशी ताडून बघायच्या, असं सगळं त्यात आहे. म्हणजे आमच्या झुडपातलं पिस्तूल त्यात बसायला हवं. पण हे झालं की नाही ते गावाला कधीच कळणार नसेल, तर सक्तीचा आम्हाला उपयोग काय?

आता अडचण. २००३ पासून काँग्रेसच्या खर्चाच्या विधेयकांत टीहार्ट दुरुस्ती असते, तिच्यामुळे एटीएफ मागाची माहिती सर्वसामान्यांना देत नाही. मग ओप्राखाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराखाली, गावाकडे अर्ज केला तर तोही याच कारणाने फेटाळतील का? अर्ज कसा लिहावा? कुणी असा अर्ज केला आहे का? वकील किंवा नगरपालिकेत काम करणारं कुणी असेल तर कृपया सांगा.

– रानजाई

*

रानजाईताई, मी वकील नाही, पण एका टाउनशिपच्या क्लार्क ऑफिसात काम करते. ओप्रात प्रश्न विचारू नका, कागद मागा. "माग काढला का?" असं लिहिलंत तर "हा प्रश्न आहे, रेकॉर्ड नाही" म्हणून अर्ज परत येईल. त्याऐवजी सापडलेल्या बंदुकांबाबत पोलीस खात्याची लेखी कार्यपद्धती मागा. आणि अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत जमा झालेल्या बंदुकांची नोंदवही, नावं आणि सीरियल नंबर खोडून. कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तपासाची फाइल मिळणार नाही, ते कायद्यातच आहे. पण गुन्हा नोंदवलाय आणि अटक झाली नाही अशा प्रकरणात गुन्ह्याचा प्रकार, वेळ, जागा आणि शस्त्राचा प्रकार सांगावाच लागतो. नकार आला तर कारण लेखी घ्या, मग दाद मागायला गव्हर्नमेंट रेकॉर्ड्स कौन्सिल किंवा सुपीरियर कोर्ट, दोन्हींपैकी एक.

– सुपारी_कातरणारी

*

आम्ही फिलाडेल्फियाजवळ. पेनसिल्व्हेनियाचा कायदा सैल आहे. ज्याला बंदूक बाळगायची परवानगीच नाही अशा माणसाकडे ती सापडली, तर ती कुठून आली हे पोलिसांनी उपलब्ध माहितीवरून शोधायचं, "गरज असेल तिथे" ट्रेस करायचा. झुडपात बेवारस सापडली तर काय, त्याबद्दल त्या कलमात काही नाही. त्या मानाने तुमच्याकडे धरायला कलम तरी आहे. आणखी एक, २०१८ पासून न्यू जर्सी सरकार गुन्ह्यांतल्या बंदुका कुठल्या राज्यांतून आल्या याचे आकडे स्वतः जाहीर करतं. म्हणजे नावं वगळून आकडे द्यायला राज्याचीच हरकत नाही. अर्जासोबत तो अहवाल जोडा.

– डेलावेअरकाठी

*

दोघांचेही मनापासून आभार. नोंदवही मागायचं मला सुचलंच नव्हतं. अर्ज दोन भागांत करते, कार्यपद्धतीचा वेगळा आणि नोंदवहीचा वेगळा, म्हणजे एक अडला तरी दुसरा अडणार नाही. सुपारीताई, नोंदवहीत "ई-ट्रेसला पाठवल्याची तारीख" असा रकाना तुमच्याकडे असतो का? असेल तर त्याचं नेमकं नाव सांगा, अर्जात तेच घालते.

– रानजाई