ज्या संगणकावर गेम उतरतात, त्यावर बचतीचे व्यवहार नकोत

धंतोलीकर
माझं मत सरळ आहे. घरातल्या ज्या संगणकावर मुलं गेम डाउनलोड करतात, त्यावर नेट बँकिंग, डीमॅट, म्युच्युअल फंड यातलं काहीच उघडू नये. गेम फुकटचा असो की विकतचा, तो अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम आहे. एकदा चालू केला की तुम्हाला जे जे उघडता येतं, ते बहुतेक सगळं त्यालाही उघडता येतं.

क्रॅक केलेले, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटलेले गेम टाळले की झालं, असं सगळेच सांगतात. तेवढ्याने भागत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये स्टीम या गेमच्या नावाजलेल्या ऑनलाइन दुकानात पायरेटफाय नावाचा गेम आला आणि त्यात विदार हा माहिती चोरणारा प्रोग्राम निघाला. गेम काढून टाकल्यावर खेळलेल्या लोकांना स्टीमनेच कळवलं की ऑपरेटिंग सिस्टीम पुसून नव्याने टाकायचा विचार करा. त्याच वर्षी ब्लॉकब्लास्टर्स आला. जुलैअखेर आला तेव्हा त्यात काही नव्हतं, ऑगस्टअखेरच्या अपडेटमधून चोर आत शिरला. कॅन्सरच्या उपचारासाठी थेट प्रक्षेपणातून मदत गोळा करणाऱ्या एका खेळाडूचे सुमारे ३२,००० डॉलर त्यात गेले. आजारी माणसाच्या औषधपाण्याचे पैसे! आता सांगा, खात्रीचं दुकान म्हणजे नेमकं कोणतं?

सक्करदऱ्याचा गेमर
दादा, हे पैसे क्रिप्टो चलनातले होते. ते ठेवायच्या डिजिटल वॉलेटची चावी गेली की पैसे गेले, तिथे थांबवणारं कोणी नसतं. आपल्या घरांमधली बचत एफडीत, पोस्टात, नाहीतर पीएफमध्ये. यूपीआय मोबाइलवर, तेही सिम कार्डाला बांधलेलं. संगणकातल्या चोराला ओटीपी कुठून मिळणार?

स्टीमवर हजारो गेम आहेत, त्यातले असे सापडलेले मोजकेच. खरा धोका टोरेंटचा, म्हणजे लोकांनी आपापसात वाटलेल्या फुकट प्रतींचा. २०२४ च्या ३१ डिसेंबरला, लोक सुट्टीत असताना, बीमएनजी ड्राइव्ह, गॅरीज मॉड अशा गेमच्या टोरेंटमधल्या इन्स्टॉलरमधून लोकांच्या संगणकांच्या ताकदीवर चोरून मोनेरो हे क्रिप्टो चलन मिळवणारा प्रोग्राम चालू झाला. मूळ गेम स्वच्छ होते, फुकटात वाटलेली प्रत तेवढी विषारी. क्रॅकसोबत तर बरेचदा सूचनाच असते, आधी अँटिव्हायरस बंद करा. ते बंद करणाऱ्याला काय सांगायचं? पण विकत घेऊन खेळणाऱ्या पोट्ट्यांना त्यांच्याच रांगेत बसवू नका. घरच्यांना गेम बंद करायला निमित्तच पाहिजे असतं.

धंतोलीकर
गेम बंद करा असं मी कुठे म्हटलं? खेळू द्या, बँक तिथून हलवा.

ओटीपीचं म्हणशील तर हे चोर पासवर्डवर थांबत नाहीत. ब्राउझरमधल्या कुकी, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या फाइली, त्याही उचलतात. तू आधीच लॉगिन केलेलं असतं, ते लॉगिन जसंच्या तसं त्यांच्या संगणकावर उघडतं आणि ओटीपी कोणी विचारतच नाही. बँकेचं लॉगिन काही मिनिटांत आपोआप बंद होतं, मान्य. पण ईमेल महिनोन्‌महिने उघडा असतो. ईमेल हातात आला की बाकीचे पासवर्ड बदलता येतात, आणि कितीतरी ठिकाणी ओटीपी ईमेलवरही येतो. शिवाय पॅन आणि आधारची स्कॅन केलेली प्रत डाउनलोडच्या फोल्डरमध्ये नाही, असं घर मला दाखव.

मानेवाडा रोड
तुमचं सगळं खरं असेल, पण आमच्याकडे एकच लॅपटॉप आहे. यांच्या दुकानाचं जीएसटी त्यावर, मुलीचा अभ्यास त्यावर, मुलाचे गेमही त्यावरच. दुसरा घ्यायचा तर तीस-पस्तीस हजार आणायचे कुठून? आणि मला मुळात हेच पटत नाही की सगळी खबरदारी घरच्यांनीच घ्यायची. ठेवीच्या व्याजाचाही घराला आधार आहे. ज्यांच्याकडे पैसा ठेवला, त्यांनी तो सांभाळायचा नाही का?

प्रतापनगर, बँकेतून निवृत्त
ताई, रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला याच विषयावर परिपत्रक काढलं होतं. त्यातला नियम असा: चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि बँकेचा निरोप आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर शून्य भार. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये. पण ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं. भांडण याच शब्दावर होतं. अँटिव्हायरस बंद करून क्रॅक चालवला असेल तर काय उत्तर द्याल? निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी मात्र बँकेवर आहे, हे विसरू नका.

गेमरभाऊ, एफडी सुरक्षित समजू नका. नेट बँकिंगमधून अनेक बँकांची एफडी घरबसल्या मोडता येते, त्यावर कर्जही काढता येतं. खात्यात शिल्लक कमी असली तरी चोराला मार्ग उरतो. आणि पैसे गेले तर शाखा उघडायची वाट पाहू नका, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फार झपाट्याने फिरतो. वाटेत अडला तर परत मिळण्याची आशा.

महालातला दुरुस्तीवाला
एकच लॅपटॉप असला तरी मार्ग आहे, खर्च काहीच नाही. विंडोजमध्ये मुलासाठी वेगळं खातं उघडा, साधं, अ‍ॅडमिनचे (संगणकात हवे ते बदल करायचे) अधिकार नसलेलं. गेम त्यातच. त्या खात्यातून चाललेल्या प्रोग्रामला सहसा तुमच्या खात्यातलं ब्राउझर आणि फाइली वाचता येत नाहीत. गेम टाकताना अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला की थांबायचं.

धंतोलीकर
भाऊ, कितीतरी इन्स्टॉलर तो पासवर्ड मागतातच, अँटीचीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारे प्रोग्राम, तर हमखास. मुलाच्या हट्टापायी एकदा टाकला की भिंत पडली. म्हणून मी वेगळ्या यंत्राचाच आग्रह धरतो. दुसरा लॅपटॉप नको, ज्या मोबाइलवर गेम नाहीत तो चालेल.

सक्करदऱ्याचा गेमर
मोबाइलवर तर लग्नपत्रिकेच्या नावाने अ‍ॅप बसवणाऱ्या एपीके फाइली येऊन राहिल्या व्हॉट्सअ‍ॅपवर. यंत्र बदलून काय होणार? काहीही उघडायची सवय आधी बदला.

मानेवाडा रोड
वेगळं खातं आज करून घेते, मुलालाच बसवते करायला. पण माझा मुद्दा कायम आहे. ऑनलाइन एफडी मोडली आणि पैसे लगेच नव्या खात्यात चालले, तर बँकेने एक दिवस थांबून फोन का करू नये? म्हाताऱ्या माणसांची आयुष्यभराची कमाई असते त्यात.

प्रतापनगर, बँकेतून निवृत्त
थांबायलाच हवं, मीही त्याच मताचा आहे. तोवर शाखेत लेखी अर्ज द्या: नेट बँकिंग फक्त पाहण्यापुरतं ठेवा, किंवा व्यवहाराची मर्यादा कमी करा. बऱ्याच बँका करून देतात. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. पुढे निष्काळजीपणाचा विषय निघाला तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.